तिम्मय्याचं कडं

मरायच्या आदल्या दिवशी महादेवप्पांनी दंडातलं कडं स्वतःच्या हातानं काढलं आणि थोरल्या सुनेच्या ओंजळीत ठेवलं. "ठिव तुझ्यापाशी," एवढंच म्हणाले. महादेवीनं ते पदराच्या गाठीत बांधलं आणि त्यांच्यासाठी पेज करायला चुलीपाशी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. धाकटा मुलगा गुंडप्पा लातूरहून दुपारी पोचला. त्याची नजर आधी बापाच्या तोंडाकडे गेली, मग उघड्या दंडाकडे.

महादेवप्पा पाणाडे होते. जमिनीखालचं पाणी सांगायचे. औसा तालुक्यात, पार निलंग्याच्या बाजूलाही, त्यांनी दाखवलेल्या जागी विहीर खोदली आणि कोरडी गेली असं कधी झालं नव्हतं. हातात काठी नाही, नारळ नाही. दंडात कडं घालायचं आणि अनवाणी शेतातून चालायचं. खाली पाणी असलं की कडं गार पडायचं आणि हातातून कळ निघायची. कळ मनगटात थांबली तर पाणी खोल. कोपरापर्यंत चढली तर बेताचं. खांद्यापर्यंत जाताना मात्र त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिली होती. कडं करंगळीएवढं जाड, काळपट, पंचधातूचं. आपल्या घरात ते सात पिढ्यांपासून आहे असं ते सांगायचे. दोन्ही मुलं हेच ऐकत मोठी झाली.

थोरला मुलगा शिवप्पा, महादेवीचा नवरा, सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेला होता. मागं एक मुलगी होती, शिवगंगा. ती नऊ वर्षांची असताना, गेल्या उन्हाळ्यात, ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी प्याली. जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. बैलगाडीनं औशाला नेईपर्यंत पोर थंड पडली. महादेवी रडली नाही. बायका म्हणाल्या, तिला रडवा, न्हाई तर डोक्यावर परिणाम व्हईल. एकीनं तिच्यासमोर पोरीचा फ्रॉक आणून धरला. महादेवीनं तो घेतला, घडी घातली आणि पेटीत ठेवला. तेव्हापासून ती अशीच होती. भाकरी थापायची, शेण काढायची, सासूचे पाय चेपायची, विचारलं तेवढंच बोलायची. एकदा विळीवर बोट कापलं तर ते तिला पिठावर लाल दिसल्यावर कळलं.

दिवसकार्य उरकल्यावर गुंडप्पानं विषय काढला. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद चुन्यानं पुसून वर लातूर लिहिलं होतं, पण चुन्याखालून जुनं नाव अजून दिसायचं. जिल्ह्याच्या गावात ऑफिसं आली, घरं उठली, त्यामुळं गुंडप्पाचं पाइप आणि मोटारींचं दुकान बरं चाललं होतं. त्यात पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेलेला. जो तो बोअर पाडत होता आणि दोनशे फुटांवरही नुसता फुफाटा निघत होता. बोअरच्या गाडीबरोबर पाणाड्या असला तर लोक रांग लावतील, हे गुंडप्पाला कळत होतं.

"वहिनी, कडं द्या," तो म्हणाला. "बापाचं पोराला येतं. तुम्हाला मागं कोण हाय? तुमच्यानंतर कुणाला देणार?"

महादेवीनं पदराची गाठ सोडायला सुरुवात केली. तिला त्या कड्याचं काहीच वाटत नव्हतं. पण सासूनं, बसम्मानं, मधेच हात धरला. "ह्येंनी तिला दिलंय. कामून दिलं ते ह्येंना मालूम. चार लोकांत इचारा, मग न्या."

चार लोक मठात बसले. गावातले जाणते मडिवाळप्पा मधे होते. त्यांनी गुंडप्पाचं ऐकून घेतलं, महादेवीला विचारलं, तिनं गाठीतलं कडं काढून पुढं ठेवलं. मग ते म्हणाले, "भांडायचं काय त्यात? कड्यालाच इचारू. मठाच्या मागं फरशीनं झाकलेला जुना आड हाय. वर माती पडलेली, जागा दिसत न्हाई. डोळे बांधून चाला. कडं ज्याला ओळखंल त्येचं."

गुंडप्पानं कडं दंडात घातलं. त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं, तीनदा गोल फिरवलं आणि सोडलं. तो आडावरून सरळ चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. काही झालं नाही. मग कडं महादेवीच्या दंडात घालून तिला तसंच सोडलं. ती दहा-बारा पावलं चालली आणि थांबली. कडं बर्फासारखं गार झालं होतं. मनगटातून कळ निघाली आणि कोपरापर्यंत अशी चढली, की तिच्या तोंडून आवाज निघाला. डोळ्यांवरचं कापड काढलं तेव्हा ती बरोबर फरशीच्या मधोमध उभी होती.

"पोटच्या पोराला न्हाई, आन् परक्या घरच्या पोरीला?" गुंडप्पा म्हणाला. त्याच दिवशी तो लातूरला परतला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. बैलगाडीनं यायची, सायकलीवर यायची. महादेवी त्यांच्याबरोबर जायची, अनवाणी शेत तुडवायची. त्या साली पाणी इतकं खाली गेलं होतं की कळ मनगटाच्या वर क्वचितच यायची. पण ती यायची. कुणाला माहीत नव्हतं की महादेवी त्या कळेसाठी जाते. वर्षभरात तिच्या अंगाला दुसरं काहीच लागलं नव्हतं. ऊन लागत नव्हतं, चटका लागत नव्हता, भूकसुद्धा वेळ झाली म्हणून लागायची. पाण्याच्या जागेवर आली की हात ठणकायचा आणि तेवढा वेळ हात तिचा असायचा. ती गरजेपेक्षा जास्त वेळ तिथं उभी राहायची. लोकांना वाटायचं, बाई नीट खात्री करून राहिली.

चैत्र संपता संपता गावाजवळ रोजगार हमीचं काम निघालं. पाझर तलावाचं. खडी फोडायला देगलूरकडचे वडार आले, बायका-पोरांसकट. माळावर त्यांच्या पाली पडल्या. आठ दिवसांनी, भर दुपारी, त्यांच्यातली एक बाई महादेवीच्या दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीला आलेली, उंच, हाताला घट्टे, केसांत दगडाची पांढरी धूळ.

"पाणी दावणारी अम्मा तूच काय?"

महादेवीनं होय म्हटलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. बाई उंबऱ्याबाहेर बसली. तांब्यातलं सगळं पाणी प्यायली नाही, अर्धं ठेवलं.

"माझं नाव गंगम्मा. तुझ्या दंडातल्या कड्याला आतल्या अंगानं दोन मासे कोरलेत काय? तोंडाला तोंड लावून? आन् एका माशाच्या शेपटीवर छिन्नीचा घाव हाय?"

महादेवी तिच्याकडं बघत राहिली. कड्याच्या आतली बाजू तिनं आणि तिच्या सासऱ्यांनीच पाहिली होती. मासे होते. शेपटीवर खाच होती. ती रोज रात्री कडं काढून पुसताना तिच्या बोटाला लागायची.

"ते माझ्या बापाचं," गंगम्मा म्हणाली. "तिम्मय्या वडार. मी सहा वर्षांची असताना औशाकडं विहीर खांदायला म्हणून आला, तो वापस आला न्हाई. बरोबरचे लोक पळून आले. गेला, एवढंच सांगितलं. कुठल्या गावात, ते भ्यानं कुणी सांगंना. त्यातला शेवटचा म्हातारा मागल्या साली मेला, मरताना गावाचं नाव घेतलं. मी उस्मानाबादला जाऊन आले. तिथं म्हणाले, ते गाव आता आमच्या जिल्ह्यात न्हाई, लातूरला जा."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बसम्मा दाराशी आली होती, तिच्या हातातलं सूप खाली पडलं होतं. ती भिंतीला धरून खाली बसली.

"आत्याबाई, काय झालं?" महादेवीनं विचारलं.

बसम्मा गंगम्माकडंच बघत होती. तिलाच सांगायला लागली.

"मी नवी नवरी होते. निजामाचं राज होतं. आमच्या पांढरीच्या शेतात विहीर चालली होती. मी ताक घेऊन गेल्ते. पस्तीस हात खोल गेली होती. तुझा बाप एकटाच खाली होता आन् एका बाजूची भिंत खचली. छातीपर्यंत गाडला गेला. ह्ये दोर धरून खाली उतरले, मातीत हात घालून ओढून राहिले. निघंना. तेनं दंडातलं कडं काढलं आन् ह्येंच्या हातात दिलं. माझ्या पोरीला द्या म्हणाला. वरून माती सुटायला लागली म्हणून आम्ही ह्येंना वर वढलं. ह्येंचा पाय कडेला लागला आन् राहिलेली भिंत गेली."

"मग?" गंगम्मानं विचारलं.

"मग ती बुजवली. परत उकरायची कुणाची हिंमत झाली न्हाई."

"कड्याचं इचारून राहिले मी."

बसम्मानं तोंडावर पदर घेतला, मग काढला. "पहिल्या साली तुझ्या लोकांचा पत्ता न्हाई, द्यायचं कुणाला. दुसऱ्या साली ह्येंनी नुसतं घालून बघितलं. पाणी लागलं. मग लोक दारात येऊन हात जोडायला लागले. मग न्हाई दिलं."

"सात पिढ्यांचं म्हणायचे मामंजी," महादेवी म्हणाली.

"म्हणायचे. मीबी तेच म्हणायचे. अमानत होती ती. बाईमाणसाला सांगता येतंय का नवऱ्याला, की वापस कर? सांगितलं होतं एकदा. दोन महिने माझ्याशी बोलले न्हाईत."

गोठ्यात गाय घंटा वाजवत मान हलवत होती. मग गंगम्मानं विचारलं, "मरताना ओरडला काय?"

"मला ऐकू आलं न्हाई, बाई. तुला खोटं सांगू कशाला? तुझं नाव घेतलं का, तेबी मालूम न्हाई."

महादेवीनं दंडातलं कडं काढलं आणि गंगम्मापुढं धरलं. ती रागावली नव्हती, लाजली नव्हती. एखाद्याची घागर चुकून आपल्या घरी आली होती, ती द्यावी, तसं तिनं ते धरलं. पण गंगम्मानं हात मागं घेतला.

"अशी नको, अक्का. घरात दिलं तर उद्या म्हणतील, वडारणीनं चोरलं. आमच्या पालीवर शिपाई येतील. चार लोकांत दे."

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मठात बैठक बसली. या वेळी मागच्यापेक्षा चौपट लोक होते. लातूरहून गुंडप्पाही आला होता, त्याला निरोप कुणी दिला कोण जाणे. महादेवीनं थोडक्यात सांगितलं. बसम्मानं सगळ्यांसमोर तेच सांगितलं जे घरात सांगितलं होतं, एक शब्द कमी केला नाही. आईला थांबवायला गुंडप्पा दोनदा उठला आणि दोनदा खाली बसला.

शेवटी तो म्हणाला, "मागल्या बैठकीत काय ठरलं होतं? ज्याला ओळखंल त्येचं. मी मुकाट मानलं ना? आता हिलाबी तोच कायदा. घालून चालू द्या."

लोक हो म्हणाले. गंगम्मानं कडं दंडात घातलं, डोळे बांधून घेतले. ती चालायला लागली. आडाच्या फरशीवरून ती एकदा गेली, दोनदा गेली, तिसऱ्यांदा तर तिथंच थांबली, पण दम खायला. कापड काढल्यावर तिनं विचारलं, "कुठं होतं?" मागं उभी राहिलेली दोन-चार माणसं हसली.

"झालं," गुंडप्पा म्हणाला. "मुकं राहिलं."

मडिवाळप्पांनाही बरं वाटल्यासारखं दिसलं. "बाई, तुझ्या बापाचं वाईट झालं," ते म्हणाले. "पण ह्ये तुझ्या हातात नुसतं धातू हाय. महादेवीच्या हातात गावाचं पाणी हाय. टँकर आठ दिवसाला येतो. तूच सांग, कुणापाशी राहावं?"

गंगम्मा कडं काढायला लागली. तिला जणू असंच होईल हे ठाऊक होतं.

"काढू नको," महादेवी म्हणाली.

तिचा आवाज इतक्या लोकांत पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं. तो मोठा नव्हता. "मडिवाळप्पा, तुमचा बैल सुटून माझ्या दारात आला, माझ्या हातचा कडबा खायला लागला, मला चाटायला लागला, तर तो माझा व्हतो का?"

"बैलाची गोष्ट येगळी."

"काय येगळी? मला ओळखतं म्हणून माझं न्हाई व्हत. तिला ओळखत न्हाई तरी तिचंच हाय. तिच्या बापानं तिला दिलं होतं. मधे आमच्या घरी राहिलं, एवढंच."

"आन् गावाचं काय, वहिनी?" गुंडप्पा म्हणाला. "लोक पाण्यावाचून मरून राहिलेत."

कुणाची पोर पाण्यापायी गेली ते सगळ्यांनाच आठवलं. महादेवी त्याच्याकडं बघत राहिली, पण तिच्या तोंडावर काही उमटलं नाही.

"गावाचं मला मालूम न्हाई, भाऊजी. हे तिचं हाय, तेवढं मालूम हाय."

मडिवाळप्पांनी पुढं काही विचारलं नाही. लोक कुरकुरत उठले. कोण म्हणालं, बाईचं डोकं पोरगी गेली तवाच फिरलं. महादेवीनं ऐकलं. खरंही असेल असं तिला वाटलं. दंड हलका झाला होता, आणि उद्यापासून हात कधीच ठणकणार नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. त्याचंही दुःख तिला लांबून, दुसऱ्या कुणाचं असावं तसं दिसलं.

गंगम्मा तिच्यापाशी आली. "विहीर कुठं होती, दाव."

पांढरीचं शेत आता महादेवीच्याच वाट्याला होतं. बुजवलेल्या विहिरीची जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर खोलगट होती, तिच्यात कुणी कधी पेरलं नव्हतं. का पेरत नाहीत, हे महादेवीनं सोळा वर्षांत विचारलं नव्हतं. मागोमाग मडिवाळप्पा आले, पाच-पंचवीस माणसं आली, गुंडप्पाही आला. गंगम्मा त्या खोलगट जागेच्या कडेला बसली. हातात मातीचं ढेकूळ घेतलं, फोडलं, खाली टाकलं. ती विहिरी खांदणाऱ्या वडाराची लेक होती. तिनं दगडासारखीच ती माती निरखली.

मग तिनं कडं काढून महादेवीपुढं धरलं. "अक्का, एकदाच घाल. माझा बाप सुक्यात हाय का वल्यात, एवढं सांग."

महादेवीनं कडं घातलं आणि खोलगट जागेत उतरली. दुसऱ्या पावलालाच कळ मनगटातून कोपरात गेली. चौथ्या पावलाला खांद्यात. ती थांबली नाही. मधे पोचली तेव्हा कळ मानेतून दातांत शिरली, डोळ्यांपुढं काळोख आला आणि ती खाली बसली. मडिवाळप्पा पुढं धावले. महादेवीनं दुसऱ्या हातानं त्यांना थांबवलं.

"वल्यात हाय," ती गंगम्माला म्हणाली. "तुझा बाप पाण्यापाशीच होता. हातभर राहिलं होतं. लई पाणी हाय."

इतक्या लोकांच्या डोक्यात एकच विचार आला होता आणि तो तोंडातून काढायची कुणाची हिंमत नव्हती. गंगम्मा त्या सगळ्यांच्या पायांकडं बघत होती. कुणाच्या पायात चपला होत्या, कुणाच्या नव्हत्या. शेवटी मडिवाळप्पांनी डोक्यावरचं पागोटं काढून काखेत घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "जमीन महादेवीची हाय. पण गाव तुला इचारून राहिलंय."

"उद्या सांगते," गंगम्मा म्हणाली. तिनं महादेवीच्या दंडातलं कडं काढून घेतलं आणि माळावर निघून गेली.

सकाळी दिवस उगवायच्या सुमाराला ती अकरा माणसं घेऊन आली. पहारी, घण, टोपल्या, दोर. महादेवी बांधावर उभीच होती.

"मशीन लावायचं न्हाई," गंगम्मा म्हणाली. "आमचे हात खांदतील. आतून बापाचं जे निघंल ते माझं. पाणी तुमचं."

एकोणीस दिवस काम चाललं. वडारांनी या खेपेला भिंती आधी दगडांनी बांधत आणल्या, मगच खाली गेले. माती ओढायला गावातली माणसं आली. पहिल्या दिवशी चार आली, पाचव्या दिवशी चाळीस. गुंडप्पानं लातूरहून लोखंडी कप्पी आणि जाड दोर आणला, कडेला ठेवला आणि स्वतः दोर ओढायला उभा राहिला. महादेवी टोपल्या वाहत होती. डोक्यावरची चुंबळ घसरायची, माती डोळ्यांत जायची. दुपारी वडार बायका ज्वारीची भाकरी आणि लाल ठेचा खायला बसायच्या, त्यांनी तिला बोलावलं. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्यात जाऊन बसली. ठेचा तिखट आहे हे तिला कळलं आणि तिनं पाणी मागितलं.

सोळाव्या दिवशी खालून हाक आली. खांदणारे वर आले. गंगम्मा एकटी पाळण्यात बसून खाली गेली, बरोबर नवं पांढरं कापड घेऊन. वर सगळे दोर धरून उभे राहिले. आतून हाडं निघणार म्हणून पोलीस पाटलानं तलाठ्याला बोलावून आधीच कागद केला होता. बऱ्याच वेळानं दोर हलला, तसं तिला वर ओढलं. तिनं गाठोडं छातीशी धरलं होतं, लहान होतं, काखेत मावेल एवढं. बसम्मा बैलगाडीतून आली होती. ती लांबच उभी राहिली, दोन्ही हात जोडले. गंगम्मानं तिला पाहिलं. नमस्कार घेतला नाही आणि तोंडही फिरवलं नाही. गाठोडं घेऊन ती लिंबाखाली जाऊन बसली. त्या दिवशी पुढं काम झालं नाही.

एकोणिसाव्या दिवशी पाणी लागलं. आधी चिखल, मग कोपऱ्यातून बोटाएवढी धार, मग खाली उभ्या असलेल्या माणसांना घाईनं वर ओढावं लागलं. गावातल्या बायका घागरी घेऊन पळत आल्या. कुणी हळद-कुंकू आणलं. पहिली बादली वर आली, ती कुणीतरी महादेवीपुढं ठेवली. तिनं ओंजळीनं पाणी घेतलं, प्याली. गोड होतं. तिच्या मनात आलं की शिवगंगेला जाऊन एक वर्ष आणि नऊ दिवस झाले. एक वर्ष आणि नऊ दिवस आधी ही विहीर असती तर. सासऱ्यांनी या शेतात कडं घालून पाय ठेवला असता तर. त्यांना इथलं पाणी मालूम होतं का? असणारच. म्हणूनच ते या शेतात कधी आले नाहीत.

ती बादलीजवळच मातीत बसली. लोक विहिरीकडं बघत होते. गंगम्मा तेवढी आली आणि तिच्याशेजारी बसली.

"पोरगी केवढी होती, अक्का?"

"नऊ."

"मी सहा होते," गंगम्मा म्हणाली.

महादेवी तिच्याकडं बघत राहिली. मग सांगायला लागली. शिवगंगेचे केस लई दाट होते, एका फणीत विंचरायचे न्हाईत. तिला दहीभात आवडायचा. शाळेत तिला जिल्ह्याचं नाव इचारलं तर ती उस्मानाबादच म्हणायची आन् गुरुजी हसायचे. झिऱ्यापाशी ती एकटी गेली न्हाई. मीच तिला धाडलं होतं. हे तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. गंगम्मानं मधे काही म्हटलं नाही. तुझी चूक न्हाई असंही म्हटलं नाही. ऐकत राहिली. सांगून झाल्यावर महादेवीच्या अंगाला कंप सुटला, दात वाजायला लागले, भर वैशाखात तिला थंडी वाजली. गंगम्मानं स्वतःचा पदर तिच्या पाठीवरून घेतला.

दोन दिवसांनी वडारांचं तलावावरचं काम संपलं, पाली उठल्या. गंगम्मा गाठोडं आणि कडं घेऊन उदगीरवरून देगलूरच्या एसटीनं गेली. गावानं त्या उन्हाळ्यात त्या विहिरीवरच दिवस काढले. शेजारच्या दोन गावांनाही पाणी पुरलं. महादेवीकडं पाणी बघायला माणसं येत राहिली. माझ्यापाशी आता काही न्हाई, असं ती सांगायची. काही जणांचा विश्वास बसायचा नाही, ते चिडून जायचे. गुंडप्पा वर्षभर वहिनीशी नीट बोलला नाही. मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पहिली पत्रिका घेऊन तोच आला आणि चहा घेऊन गेला. बसम्मा त्याच्या पुढल्या वर्षी गेली.

बसम्मा गेल्यावर महादेवीला घर मोठं वाटायला लागलं. एका सकाळी तिनं गाय शेजारी बांधली, पिशवीत एक लुगडं आणि शेंगांची चटणी घेतली आणि एसटी धरली. नांदेड जिल्ह्यात ती पहिल्यांदाच जात होती. देगलूरच्या स्टँडवर उतरून तिनं वडारांची वस्ती विचारली. गंगम्मा झोपडीसमोर वाटणाच्या पाट्याला छिन्नीनं टाके घालत बसली होती. कडं तिच्या दंडात होतं. छिन्नीच्या घावागणिक ते वरखाली होत होतं. महादेवीची नजर त्यावर गेली, मग तिनं ती काढून घेतली. त्याचा विषय दोघींनी काढला नाही.

"किती दिवसाची आलीस?" गंगम्मानं विचारलं.

"उद्या जाते. गाय शेजाऱ्याच्या दारात हाय."

गंगम्मानं छिन्नी ठेवली, हात झटकले आणि सुनेला भाकरीचं पीठ जास्त मळायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या नातवाला ताप आला, महादेवी त्याच्या उशाशी बसली. तिसऱ्या दिवशी देगलूरचा बाजार होता. चौथ्या दिवशी गंगम्मा तिला पाट्याला टाके कसे घालायचे ते शिकवत होती, आणि महादेवीच्या हातून टाके वाकडे पडत होते. सुनेनं ते पाहिलं आणि हसू दाबलं. महादेवीनं वर बघितलं, स्वतःचे वाकडे टाके पुन्हा बघितले, आणि तीही हसली. पाचव्या दिवशी सकाळी ती उदगीरच्या गाडीत बसली.